चालू आहे, म्हणून अपुरे नाही

छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी वर्तुळात एक मत इतके रुळले आहे की ते सिद्ध करण्याची गरज कोणाला वाटत नाही. रास्पबेरी पायसारखा तळहातावर मावणारा एका बोर्डाचा संगणक घेऊन एखादा माणूस वर्षानुवर्षे गच्चीवरच्या टाकीची पातळी मोजत असेल, पाऊस नोंदवत असेल, तर तो वेळ वाया घालवतो आहे, असे हे मत. प्राध्यापक ते मांडतात, वाळूजचे उद्योजक मांडतात आणि घरातली माणसे तर रोज मांडतात. घरच्यांना माफ आहे. वायरींत त्यांचे पाय अडकतात. बाकीच्यांना उत्तर दिले पाहिजे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे हा वादातला भेकडपणा आहे, म्हणून तो पूर्ण ताकदीनिशी मांडतो. हे लोक म्हणतात : टाकी भरली की मोटार बंद करणारे उपकरण विजेच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात काही शे रुपयांत मिळते, त्यासाठी हजारो रुपयांचा संगणक कशाला? दुसरे, तयार मॉड्यूल एकमेकांना जोडणे म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स नव्हे. कारखान्यात पीएलसी हा औद्योगिक नियंत्रक चालतो, ही खेळणी चालत नाहीत. तिसरे, हौशी माणसाच्या आकड्यांवर विश्वास कोणी आणि का ठेवावा? आणि चौथे, सर्वांत जड : जे काम पाच-सात वर्षांत पूर्ण होत नाही, ज्याचे उत्पादन होत नाही, कंपनी होत नाही, ते फसलेले काम. आमच्याकडच्या तांत्रिक समारंभात वक्ता आधी शहरातल्या ऐतिहासिक पाणचक्कीचे गोडवे गातो आणि मग मुलांना विचारतो, “तुमचे प्रॉडक्ट बाजारात कधी येणार?” पाणचक्कीला हा प्रश्न कोणी विचारला असता तर, हे मात्र त्याला सुचत नाही.

किमतीचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो अर्धा खरा आहे. मोटार बंद करणे एवढेच काम असेल तर साधा फ्लोट स्विचच लावावा. पण स्विच नोंद ठेवत नाही. आणि नोंद ठेवणारे तयार उपकरण घेतले, तर ती नोंद बहुधा कंपनीच्या सर्व्हरवर राहते आणि उपकरणाचे आयुष्य कंपनीच्या मर्जीवर. रिव्हॉल्व्ह नावाचे घरातली उपकरणे चालवणारे यंत्र अमेरिकेत सुमारे ३०० डॉलरला विकले गेले. नेस्ट या कंपनीने ते बनवणारी कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. लोकांच्या घरातली धडधाकट यंत्रे एका दिवसात निकामी झाली. स्वस्त काय आणि महाग काय, हे दुकानातल्या पावतीवरून ठरत नाही.

शिवाय आपण कोणत्या शहराबद्दल बोलतो आहोत? पैठणच्या जायकवाडी धरणातून ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या जुन्या जलवाहिन्यांनी ज्याची तहान वर्षानुवर्षे कशीबशी भागली, ते हे शहर. इथे पाणी रोज येत नाही, ‘पाण्याचा दिवस’ येतो. तो कधी येणार, यावर घरातले लग्नकार्य, पाहुणे, कपडे धुणे, सगळे ठरते. मागच्या मे महिन्यात नळ किती दिवसांआड आला, रात्री किती वाजता आला, किती वेळ टिकला, हे गल्लीत विचारून पाहा. चार घरांत चार उत्तरे मिळतील आणि चारही तितक्याच ठामपणे दिली जातील. हौदात बसवलेला सेन्सर आणि त्यामागचा छोटा संगणक यांच्याकडे मात्र एकच उत्तर असते, तारखेनिशी. अशा दोन-तीन उन्हाळ्यांची नोंद कोणत्या दुकानात विकत मिळते?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पाच वर्षे चाललेल्या प्रकल्पाला ‘अजून संपला नाही’ म्हणणारे एक गोष्ट विसरतात : काही गोष्टी पाच वर्षे चालल्याशिवाय कळतच नाहीत.

टाकीची पातळी मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर ध्वनीचा ठोका सोडतो आणि तो पाण्यावर आपटून परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढतो. विद्यार्थ्यांच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असा ठोकून दिलेला असतो. हा वेग २० अंश सेल्सिअसचा. तापमान एक अंशाने वाढले की तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे १२ अंश आणि मेच्या दुपारी ४२ अंश धरा. वेगात १८ मीटरचा, म्हणजे पाच टक्क्यांहून अधिक फरक पडला. टाकी मीटरभर रिकामी असेल तर हा फरक पाच सेंटिमीटरचा. मेमध्ये ध्वनी लवकर परततो, यंत्राला पाणी जवळ वाटते. ज्या महिन्यात पाणी सर्वांत कमी, नेमके त्याच महिन्यात यंत्र ते जास्त दाखवते! प्रयोगशाळेत पंख्याखाली, एका सत्रात, परीक्षकांसमोर केलेल्या प्रात्यक्षिकात ही चूक दिसेल का? दिसणार नाही. प्रात्यक्षिकाला पैकीच्या पैकी गुण मिळतील. चूक सापडेल ती ज्याने हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही पाहिले त्याला; आणि तोच शेजारी तापमानाचा सेन्सर लावून वेग दर वेळी नव्याने काढायला शिकेल.

दुसरे उदाहरण शेतातले. जमिनीतला ओलावा मोजणारे दोन दांड्यांचे स्वस्त सेन्सर प्रदर्शनातल्या कुंडीत उत्तम चालतात. त्यांतून सतत एकदिश प्रवाह वाहत राहिला की ओल्या मातीत विद्युत-अपघटन होऊन दांड्यावरचा मुलामा झिजतो आणि काही आठवड्यांत आकडे भरकटतात. प्रदर्शन दोन दिवसांचे असते. कापूस सहा महिन्यांचा असतो.

आणि लाईट? लाईट जाणे ही मराठवाड्यातली घटना नव्हे, दिनक्रम आहे. संगणक मेमरी कार्डावर काही लिहीत असताना वीज गेली तर कार्डावरची फाईल व्यवस्थाच बिघडू शकते. सतत लिहिल्याने कार्ड झिजते ते वेगळेच. त्यातून रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही; वेळ इंटरनेटवरून घ्यावी लागते. वीज परत आली पण राउटर उठला नाही, तर यंत्र नोंदी करत राहते आणि त्यांवर चुकीची वेळ घालते. बंद पडलेले यंत्र निदान खोटे बोलत नाही, हे बोलते. मग माणूस डीएस३२३१ घड्याळाचे मॉड्यूल आणि बटण सेल लावतो, कार्ड केवळ वाचण्यापुरते ठेवतो, नोंदी आधी स्मृतीत साठवून ठराविक वेळाने एकदम उतरवतो. यातली प्रत्येक सुधारणा एका बिघाडाची संतती आहे. बिघाड व्हायला काळ जावा लागतो. सोळा आठवड्यांच्या सत्रात तो कुठून आणणार?

सॉफ्टवेअरचेही तेच. १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ चा आधार संपला आणि जुने प्रोग्रॅम नव्याने लिहावे लागले. २०२३ मध्ये पाय ५ आला आणि पिना हाताळणारी, सर्वांच्या हातात बसलेली आरपीआय.जीपीआयओ ही लायब्ररी त्यावर चालेना. याला कोणी वेळेचा अपव्यय म्हणेल. मी याला अभियंत्याची अर्धी नोकरी म्हणतो.

इथेच दुसरा आक्षेप कोसळतो. मॉड्यूल जोडणे म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स नव्हे, हे मान्य. पहिल्या दिवशी नव्हेच. पण सेन्सरची ५ व्होल्टची तार ३.३ व्होल्टच्या पिनेला लावली तर काय जळते, लांब वायरीत गोंगाट का शिरतो, गच्चीवरच्या सांध्यांना हिरवट गंज का चढतो, हे प्रश्न जोडलेले मॉड्यूल चालू ठेवू पाहणाऱ्यालाच पडतात. ‘ही खेळणी कारखान्यात चालत नाहीत’ हा तर केवळ ऐकीव समज. रास्पबेरी पाय कंपनी जून २०२४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात उतरली, तेव्हा तिच्या विक्रीतले सुमारे ७० टक्के बोर्ड उद्योगांत आणि उत्पादनांच्या पोटात जात होते. आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या उद्योजकांना मी विचारतो : तुमच्या कारखान्यात रात्री दोन वाजता लाईन थांबली, तर तुम्ही कोणाला उठवता? नवे यंत्र कल्पिणाऱ्याला, की जुने चालू ठेवणाऱ्याला?

राहिला विश्वासाचा प्रश्न. अतिवृष्टीचा निकष २४ तासांत ६५ मिलिमीटरचा आहे आणि तो महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर मोजला जातो. एका मंडळात कित्येक गावे असतात. एका शिवारात ढग फुटतो आणि पलीकडच्या शिवारात धूळ उडते, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला शिकवायला नको. गावातल्या हौशी माणसाचा पर्जन्यमापक सरकारदरबारी ग्राह्य नाही, आणि एका रात्रीच्या आकड्यावर तो धरूही नये. त्याच्या डोलणाऱ्या पात्रात पालापाचोळा अडकतो, कोळी जाळे विणतो, जोराच्या सरीत पात्र मागे पडून पाऊस कमी मोजला जातो. पण तो मापक अनेक पावसाळे मंडळाच्या मापकाशी ताडून पाहिला, मोजलेले पाणी हळूहळू ओतून दर वर्षी तपासला, बिघाडांची वही ठेवली, तर या गावाचा पाऊस मंडळाच्या पावसापासून किती ढळतो हे तो सांगू लागतो. विश्वास ब्रँडवरून येत नाही. सातत्यातून आणि प्रामाणिक नोंदवहीतून येतो.

जगातला दाखला हवा असेल तर हा घ्या. रास्पबेरी शेक हे पायवर चालणारे छोटे भूकंपमापक हौशी लोक घरात बसवतात. २०२० च्या टाळेबंदीत माणसांची ये-जा थांबल्याने जमिनीची थरथर किती कमी झाली, याचा अभ्यास त्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. ११७ देशांतल्या २६८ केंद्रांच्या त्या नोंदींत अशी घरगुती यंत्रेही होती. ती उपयोगी का पडली? कारण ती टाळेबंदीच्या आधीपासून चालू होती. शांतता पसरल्यावर यंत्र विकत आणून आधीचा गोंगाट मोजता येत नाही. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आठवणाऱ्या प्रदेशाला ‘आधीपासून चालू’ या दोन शब्दांचे मोल समजावून सांगावे लागू नये.

चौथा आक्षेप आता फारसा उरतच नाही. तरी एवढे सांगतो की, २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला विक्रीला आलेला हा बोर्ड मुळात नव्या कंपन्या जन्माला घालण्यासाठी नव्हता. केंब्रिजमध्ये संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांनी यंत्राशी खटपटच केलेली नसते, ही या बोर्डाचे एक जनक एबन अप्टन यांची तक्रार होती. त्यातून तो जन्मला. खटपटीसाठी घडवलेल्या वस्तूला खटपटच केली म्हणून दोष देणे हा कुठला न्याय?

टेबलाच्या खणात धूळ खात पडलेल्या बोर्डांची वकिली मी करत नाही. ते प्रकल्प मेले आहेत, त्यांना मेलेलेच म्हणावे. पण आपल्याकडे उलटा न्याय चालतो. तोंडी परीक्षेपुरता तयार विकत आणलेला आणि निकालानंतर भंगारात गेलेला प्रकल्प ‘पूर्ण’ ठरतो. सात पावसाळे पाहिलेला ‘अर्धवट’. वाचकांनीच निवाडा करावा.

आणि या शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना एक विनंती. दर वर्षी प्रत्येक गटाकडून नवाच विषय मागण्याचा हट्ट सोडा. निदान एका गटाला मागच्या तुकडीचे चालते यंत्र सुपूर्द करा, सोबत बिघाडांची वही द्या, आणि ते यंत्र पुढच्या जूनपर्यंत चालू ठेवण्याचे गुण द्या.