मोटारसायकलीचा इंधन पंप

टाकीतील पेट्रोल ठराविक दाबाखाली एंजिनाच्या अंतःक्षेपकापर्यंत पोहोचविणारे, विजेवर चालणारे साधन. मोटारसायकलीच्या इतिहासात हे साधन बरेच उशिरा आले. त्यापूर्वी बहुतेक मोटारसायकलींत टाकी एंजिनाच्या वर असे, पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरे आणि पंपाची गरज पडत नसे. पंपामुळे इंधनाचे नियंत्रण अचूक झाले व धुरातील दूषित द्रव्ये घटली. परंतु रस्त्याच्या कडेला साध्या हत्यारांनी होणारी दुरुस्ती त्याच वेळी अवघड झाली. मोटारसायकल हेच जेथे घरातील एकमेव वाहन असते, अशा धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागात या बदलाच्या दोन्ही बाजू सारख्याच महत्त्वाच्या ठरतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत १८८५ मध्ये पेट्रोल एंजिनावर चालणारी दुचाकी तयार केली. पुढे मायबाख यांनी १८९३ मध्ये बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा हवेत मिसळणारा कार्ब्युरेटर प्रचारात आणला. याच तत्त्वावरील कार्ब्युरेटर मोटारसायकलीत शंभराहून अधिक वर्षे टिकला. त्याच्या वाटीतील तरंगी पेट्रोलची पातळी कायम राखते, एंजिनाच्या चोषणामुळे पेट्रोल तोटीतून वर ओढले जाते आणि हवेत मिसळून सिलिंडरात जाते. यात विजेचा कोठेही संबंध येत नाही.

भारतात १९५५ मध्ये मद्रास (आता चेन्नई) येथे एनफील्ड मोटारसायकलींची जुळणी सुरू झाली. पुढील दशकात म्हैसूरची जावा आणि फरीदाबादची राजदूत या मोटारसायकली रस्त्यावर आल्या. १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्याने तयार झालेल्या १०० घ.सेंमी. क्षमतेच्या हलक्या मोटारसायकलींमुळे हे वाहन शेतकरी, शिक्षक व छोटे व्यापारी यांच्या आवाक्यात आले. या सर्व वाहनांत टाकीखाली एक तोटी (पेट्रोल कॉक) असे. तिला चालू, बंद व राखीव अशा तीन स्थिती असत. धावती गाडी अडखळू लागली की चालक हात खाली नेऊन तोटी राखीव स्थितीत फिरवी व पुढचा पेट्रोल पंप गाठी. याला एक अपवाद होता. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत भारतात डीझेलवर चालणाऱ्या काही मोटारसायकली विकल्या गेल्या आणि त्यांच्या एंजिनाला यांत्रिक इंधन पंप असे. तथापि पेट्रोलच्या मोटारसायकलीशी त्याचा संबंध आला नाही.

बॉश या जर्मन कंपनीने १९६७ मध्ये मोटारगाड्यांसाठी इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपणाची पद्धती बाजारात आणली. जपानच्या कावासाकी कंपनीने १९८० मध्ये ती मोटारसायकलीवर व्यापारी प्रमाणात वापरली. भारतात २००६ मध्ये हीरो होंडा कंपनीच्या ग्लॅमर या मोटारसायकलीचा अंतःक्षेपणयुक्त नमुना विक्रीस आला. किंमत अधिक असल्याने सुरुवातीस ही पद्धती मोजक्या नमुन्यांपुरती मर्यादित राहिली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे उत्सर्जन-मानक देशभर लागू झाले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच या तारखेनंतर जुन्या मानकाच्या वाहनांची विक्री करता येणार नाही, असा निर्णय दिला होता. परिणामी स्वस्त मोटारसायकलींतही अंतःक्षेपण आले आणि त्याबरोबर टाकीत विद्युत् पंप आला.

रचना व कार्य : पंप टाकीच्या तळाशी पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. लहान विद्युत् मोटर, तिच्या दांड्यावर फिरणारे पात्यांचे चक्र, आत येणारे पेट्रोल गाळणारी जाळी, दाब नियंत्रक झडप आणि बहुधा पेट्रोलची पातळी दाखविणारा तरंगी दांडा हे सर्व एकाच संचात बसविलेले असते. मोटरीला १२ व्होल्टचा पुरवठा बॅटरीकडून मिळतो. अनेक मोटारसायकलींत पेट्रोलचा दाब दर चौ. सेंमी.ला सु. ३ किग्रॅ. राखला जातो. भोवतीचे पेट्रोलच मोटरीला थंड ठेवते व वंगणाचेही काम करते. म्हणून टाकी वरचेवर रिकामी होईपर्यंत गाडी चालविणे पंपाला अपायकारक ठरते. तोटीची राखीव स्थिती जशी निर्धास्तपणे वापरली जाई, तशी सवय या रचनेत चालत नाही.

बिघाडाची कारणे व लक्षणे : किल्ली फिरवताच पंप दोन-तीन सेकंद घरघरतो. हा आवाज न येणे हे पहिले लक्षण होय. पंप पूर्ण बंद न पडता क्षीण झाला, तर गाडी सपाट रस्त्यावर ठीक चालते आणि चढावर दम सोडते. कारण चढावर एंजिनास अधिक पेट्रोल लागते व दाब अपुरा पडतो. सोलापूरहून तुळजापूरकडे येताना बालाघाट डोंगराचा घाट चढावा लागतो. अशा ठिकाणी दोन माणसे व सामान घेऊन निघालेल्या गाडीचा क्षीण पंप लगेच उघडा पडतो. उन्हाळ्यात तापल्यावर बंद पडणारी व थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणारी गाडीही याच दोषाकडे बोट दाखविते.

गाळ, गंज व पाणी हे पंपाचे मुख्य शत्रू होत. बाटलीतून वा उघड्या डब्यातून विकल्या जाणाऱ्या पेट्रोलबरोबर धूळ टाकीत जाते व जाळी तुंबते. अलीकडे त्यात एका नव्या कारणाची भर पडली आहे. देशात २०२२ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत पोहोचले आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रणाच्या विक्रीस प्रारंभ झाला. या इथेनॉलचा एक मोठा स्रोत ऊस हा आहे आणि ऊस व साखर कारखाने हे धाराशिव जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेचे महत्त्वाचे अंग आहे. ज्या पिकाला शेतकरी पाणी देतो, त्याचाच अंश इंधनरूपाने त्याच्या गाडीच्या टाकीत येतो. तथापि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढल्यास इथेनॉल व पाणी यांचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो आणि पंपाचे तोंड तेथेच असते. दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीत हा धोका अधिक असतो. अशा मिश्रणासाठी न बनविलेले जुने रबरी भागही त्याने खराब होतात.

पंप बदलणे : नवा पंप घेण्यापूर्वी फ्यूज, रिले, तारांची जोडणी व बॅटरी तपासणे आवश्यक असते. बॅटरी उतरली असता उत्तम पंपही फिरत नाही आणि निष्कारण खर्च होतो. पंपाच्या जोडणीपर्यंत वीज पोहोचते किंवा नाही हे मीटरने पाहावे आणि दाबमापक लावून दाब मोजावा. दाब कमी असल्यास जाळी व नळी तुंबलेली नाही याची खात्री करून मगच पंप दोषी ठरवावा.

काम मोकळ्या हवेत, विडी-काडी व ठिणगीपासून दूर करावे लागते. एंजिन चालू शकत असेल, तर पंपाची विद्युत् जोडणी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतात. त्यामुळे नळीतील दाब उतरतो. नंतर किल्ली बंद करून बॅटरीचे ऋण टोक सोडवितात, टाकीतील पेट्रोल काढून घेतात आणि टाकी उतरवून मऊ कापडावर उलटी ठेवतात. बोल्ट काढून संच तिरपा करीत बाहेर घेतात, म्हणजे तरंगी दांडा वाकत नाही. टाकीच्या आतील गंज व गाळ साफ न करता नवा पंप बसविल्यास तोही लवकर निकामी होतो. सांध्यातील रबरी कडे प्रत्येक वेळी नवे घालतात आणि बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडेथोडे आवळतात. जोडणी पूर्ण झाल्यावर किल्ली काही वेळा चालू-बंद करून नळीत दाब भरू देतात व गळती नसल्याची खात्री करून मगच एंजिन सुरू करतात.

परिणाम : कार्ब्युरेटरच्या काळात गाडी बंद पडली, तर गावातला मिस्त्री वाटी उघडून कचरा काढी, तोटी फुंकून साफ करी आणि गाडी चालू होई. पंपाच्या बाबतीत दाबमापक, मीटर व त्या नमुन्याचा नेमका संच हाताशी लागतो. पुष्कळदा केवळ जाळी किंवा मोटर बिघडलेली असूनही संपूर्ण संच विकत घ्यावा लागतो. धाराशिव जिल्ह्यात लोहमार्ग मोजक्याच भागांतून जातो. भूम, परंडा, वाशी, लोहारा अशा तालुक्यांतील दैनंदिन दळणवळण रस्त्यांवर अवलंबून आहे. तेथे बंद पडलेली मोटारसायकल म्हणजे बुडालेला बाजार, चुकलेली शाळा किंवा रुग्णालयात पोहोचण्यास झालेला उशीर होय.

केंद्र शासनाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली आणि वाहनांचा समावेश तिच्या विचारक्षेत्रात केला. सुटे भाग व तांत्रिक माहिती स्वतंत्र कारागिरांनाही मिळावी, हा त्यामागील हेतू होय. अंतःक्षेपणाने हवा स्वच्छ होण्यास हातभार लागतो, हे निर्विवाद आहे. तालुक्याच्या कारागिरास पंप ओळखता, तपासता व सुट्या भागांनिशी दुरुस्त करता आला, तर तो लाभ घेताना ग्रामीण चालकास परावलंबी व्हावे लागणार नाही.