डासनियंत्रणातील नॅनोकण

१ ते १०० नॅनोमीटर आकाराचे, बहुधा चांदीचे कण वापरून डासांच्या अळ्या मारण्याची प्रायोगिक पद्धत. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारा एडिस इजिप्ती, शहरी हिवतापाचा अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी आणि हत्तीरोगाचा क्युलेक्स यांच्या अळ्यांवर तिचे प्रयोग झाले आहेत. टेमेफॉससारख्या अळीनाशकांना डास अनेक ठिकाणी दाद देईनासे झाल्याने या शोधाला जोर आला.

कृती साधी आहे. कडुनिंबाची पाने पाण्यात उकळून गाळलेला अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या पातळ द्रावणात मिसळतात. अर्कातील द्रव्ये चांदीच्या आयनांचे क्षपण करतात, तयार कणांवर आवरण चढवतात आणि फिकट द्रावण हळूहळू तपकिरी होते. हे कण अळीच्या शरीरात शिरून गंधकयुक्त प्रथिनांना चिकटतात व आतड्याच्या पेशींची नासाडी करतात, असे मानले जाते.

प्रयोगशाळेतील स्वच्छ पाण्यात मिळालेले यश गटारात टिकेलच असे नाही. तेथील क्षारांमुळे कणांच्या गुठळ्या होतात. त्याहून गंभीर बाब म्हणजे चांदी डाफ्नियासारख्या सूक्ष्म जलचरांना अत्यंत विषारी असते आणि अळ्या खाणाऱ्या गप्पी माशांनाही अपाय करू शकते. एडिस घरातल्या पिंपांत आणि टाक्यांत वाढत असला, तरी वापरायच्या पाण्यात हे कण सोडण्याची घाई मुळीच करू नये.