दम्याचें दुधारी औषध

पाय दुखला तर मनुष्य बसून राहतो, डोळे दुखले तर ते मिटून घेतो. परंतु श्वासच अडला तर विसांवा घ्यावयाचा कोठें? चरकसंहितेंत श्वासरोगाचे पांच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील ‘तमक श्वास’ म्हणजे आपल्या परिचयाचा दमा. आडवें पडलें कीं जीव घाबरा होतो, उठून बसलें कीं किंचित् बरें वाटतें, आभाळ आलें किंवा पूर्वेचा वारा सुटला कीं धाप वाढते, हीं तेथील लक्षणें आजहि जशींच्या तशीं दिसतात. लक्षणें इतकीं प्राचीन. पण तीव्र झटक्यांत खरा उतार देणारें औषध अगदीं परवांचें आहे. श्रोतेहो, त्या औषधाचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

पूर्वीं उपाय नव्हते असें नाहीं. धोतऱ्याचा धूर ओढण्याची रीत आपल्या देशांत जुनी; एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ती मद्रासेहून इंग्लंडांत गेली. लंडनचे डॉ. हेन्री हाइड सॉल्टर हे स्वतः दमेकरी. १८६० सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं कडक कॉफीची शिफारस केली. पुढें ॲड्रिनॅलिनचीं इंजेक्शनें आलीं. या साऱ्यांनीं श्वासनलिकांचे आंवळलेले स्नायु घटकाभर सैल पडत. पण नलिकांच्या अस्तराची सूज आणि चिकट कफ कायम राही, आणि माणूस दगावे तो बहुधा त्यामुळेंच.

या सुजेवरचा इलाज संधिवाताच्या शोधांत सांपडला. मूत्रपिंडांवर टोपीप्रमाणें बसलेल्या दोन लहान ग्रंथींच्या स्रावांवर अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें एडवर्ड केंडॉल काम करीत होते. त्यांतील एक द्रव्य म्हणजे कॉर्टिसोन. १९४४ सालीं लुइस सॅरेट यांनीं तें गुरांच्या पित्तांतील आम्लापासून तीसांहून अधिक पायऱ्यांनीं बनविलें. २१ सप्टेंबर १९४८ रोजीं डॉ. फिलिप हेंच यांनीं संधिवातानें जखडलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला तें टोंचविलें, आणि थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. १९५० सालीं केंडॉल, हेंच व स्वित्झर्लंडचे राइकस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

लवकरच तें दम्यावरहि वापरलें जाऊं लागलें. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची तौलनिक परीक्षा १९५६ सालीं प्रसिद्ध झाली. न हटणाऱ्या तीव्र झटक्यांत कॉर्टिसोन उपयोगी पडतें असें तींत ठरलें. जुनाट दम्यांत रोज देत राहण्याचा लाभ मात्र तितका मोठा दिसला नाहीं.

तोंवर आनंदाला ओहोटी लागलीच होती. महिनेच्या महिने औषध घेणाऱ्यांचे चेहरे वाटोळे झाले, मानेखालीं मेद सांचला, हातपाय किडकिडीत झाले. रक्तांतील साखर चढली, हाडें ठिसूळ झालीं, डोळ्यांत मोतीबिंदु आला. हें चित्र वैद्यांना अनोळखी नव्हतें. हार्वे कुशिंग या शस्त्रवैद्यानें १९१२ सालीं व पुन्हां १९३२ सालीं ग्रंथींच्या विकारांत असेंच रूप वर्णिलें होतें. निसर्ग जें क्वचित् करी, तें आतां औषधानें घडूं लागलें.

याहून गंभीर धोका डोळ्यांना दिसत नाहीं. बाहेरून आयता पुरवठा होऊं लागला म्हणजे शरीरांतील ग्रंथि आपलें काम सोडून देतात. कॉर्टिसोन घेत असलेला एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर, ग्रंथि सुकल्यामुळें, दगावल्याची हकीकत १९५२ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. म्हणून दीर्घकाळ घेतलेलें हें औषध एकाएकीं थांबवूं नये, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं क्रमाक्रमानें उतरवावें, असा वैद्यकाचा दंडक आहे.

मग सुचला तो मार्ग बदलण्याचा उपाय. १९७२ सालीं ब्रिटनमध्यें याच कुळांतील बेक्लोमेथासोन श्वासावाटें देण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. झटक्यांत गोळीची मात्रा दिवसाला ३०-४० मिलिग्रॅम. पंपांतून रोज लागते ती बहुधा अर्ध्या मिलिग्रॅमच्या आंतबाहेर, आणि तीहि थेट सुजेवर पडते. आवाज बसणें, तोंडांत बुरशी धरणें हे तिचे दोष चूळ भरल्यानें पुष्कळ कमी होतात; मात्रा मोठी असल्यास मात्र लक्ष ठेवावें लागतें. ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या संस्थेनें तर २०१९ सालीं असा सल्ला दिला कीं, प्रौढांनीं केवळ तात्पुरती धाप उतरविणाऱ्या पंपावर विसंबूं नये. सूज उतरविणारें औषध त्याच्या जोडीला असावें.

आपल्याकडील वागणूक पुष्कळदां या इतिहासाच्या उलट असते. ‘पंप एकदां लागला कीं सुटत नाहीं’ या समजुतीनें तो कपाटांत राहतो, आणि ‘दमा मुळापासून घालवितों’ म्हणणाऱ्याच्या बिननांवाच्या पुड्या श्रद्धेनें घेतल्या जातात. अशा पुड्यांत स्टेरॉइडच मिसळलेलें आढळल्याचीं उदाहरणें आहेत. म्हणजे ज्याच्या भयानें थेंब टाळला, त्याचाच घडा मनुष्य नकळत पितो. आणि पुडी बंद झाली कीं ग्रंथि निजलेल्या, श्वास कोंडलेला, अशा दुहेरी संकटांत सांपडतो. शस्त्र दुधारी असलें म्हणून तें कोणी फेकून देत नाहीं. मूठ कोठें आहे तें शिकून घेतो. ही मूठ शोधण्यासच वैद्यकाला कॉर्टिसोनच्या पहिल्या इंजेक्शनापासून चोवीस वर्षें लागलीं.