सहा शिलिंगांचा कज्जा

रग्बी युनियनमध्ये द्रव्य घेऊन खेळणे हे ज्या काळी पातक गणले जाई, त्या काळी यॉर्कशायर-लँकेशायरच्या गिरण्यांत व खाणींत राबणाऱ्या खेळाडूला शनिवारचा सामना गाठण्यासाठी कामाची पाळी सोडावी लागे, आणि तिचा बुडालेला रोजमुरा भरून मिळावा एवढीच उत्तरेकडील संघांची माफक मागणी होती. परंतु १८९३ साली लंडनच्या सभेत, उपजीविकेची विवंचना ज्यांना ठाऊक नव्हती अशा मंडळींच्या बहुमताने ती नामंजूर झाली. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात या संघांनी सवता सुभा मांडला आणि दिवसास कमाल सहा शिलिंग भरपाई मुक्रर केली.

त्यानंतरची शंभर वर्षे, जो पैशासाठी उत्तरेच्या 'लीग' रग्बीत गेला तो युनियनच्या दृष्टीने हद्दपार झाला. प्रेक्षकांकडून तिकिटाचा पैसा बिनदिक्कत घ्यायचा आणि ज्याच्या खेळासाठी ते येत त्याला मात्र निरिच्छतेचा उपदेश करायचा, हा न्याय मोठा सोयीचा खरा! वेल्सचे कर्णधारपद भूषविलेला जोनाथन डेव्हिस १९८९ मध्ये विडनेस या लीग संघात गेला, तेव्हा मायदेशाच्या युनियन संघाचे दार त्याच्यापुरते बंद झाले. ऑगस्ट १९९५ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय मंडळाने मोबदल्यावरील बंदी उठविली. त्याच वर्षी डेव्हिस कार्डिफच्या संघात परतला आणि पुढे, कारकीर्दीच्या उतरणीवर का होईना, वेल्सकडून पुन्हा खेळला.