जीपगाडीचे दुसरे आयुष्य



यंत्राचा इतिहास सांगताना आपण सामान्यतः त्याच्या शोधकापाशी आरंभ करतो आणि कारखान्याच्या फाटकापाशी थांबतो. परंतु फाटकाबाहेर पडलेले यंत्र पुढे तीस, पन्नास, क्वचित ऐंशी वर्षे कोणाच्या तरी अंगणात उभे असते. ते मोडते, कोणी तरी ते उघडतो, त्यात नवा भाग घालतो आणि पुन्हा चालू करतो. या दुसऱ्या आयुष्याला ग्रंथांत फार थोडी जागा मिळते. आज ते एका गाडीच्या निमित्ताने मी आपल्यापुढे मांडणार आहे. ही गाडी म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाची जीप.

तिचा जन्म मोठ्या घाईत झाला. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि जुलैमध्ये अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांना लहान, चारही चाकांना गती मिळणाऱ्या गाडीसाठी पाचारण केले. नमुन्याला मुदत अवघ्या ४९ दिवसांची. बँटम नावाच्या डबघाईस आलेल्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून दोन दिवसांत आराखडे करवून घेतले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला अर्धा तास असताना, मेरिलँडमधील होलाबर्ड छावणीत गाडी आणून उभी केली. गाडी पसंत पडली. पण हजारोंनी गाड्या पुरवण्याची त्या कंपनीची ऐपत सैन्याला वाटली नाही. तेव्हा विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनाही मैदानात आणण्यात आले. विलीजचा मुख्य अभियंता बार्नी रूस याच्या साठ अश्वशक्तीच्या इंजिनाने बाजी मारली आणि जुलै १९४१ मध्ये मोठे कंत्राट विलीजला मिळाले. पुढे त्याच आराखड्यांवरून फोर्डनेही गाड्या बांधल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन प्रतिस्पर्धी कारखाने एकाच आराखड्यावर काम करीत असल्यामुळे एकाचा सुटा भाग दुसऱ्याच्या गाडीला बसत असे. फोर्डने आपल्या बोल्टांच्या माथ्यावर आपले आद्याक्षर मात्र उठवले होते. आघाडीवर दोन मोडक्या जिपांतून एक चालती जीप उभी करता येई, ती या एकरूपतेमुळे. शिवाय सैन्याने दुरुस्तीच्या कामाची प्रतवारी लावली होती. तेल, पाणी, हवा, सैल झालेली नटबोल्टे ही पहिली पायरी खुद्द चालकाची. त्यापुढची कामे क्रमाक्रमाने मोठ्या कार्यशाळांची. चालकाला हे शिकवण्यासाठी सचित्र पुस्तिका निघाल्या, आणि ‘आर्मी मोटर्स’ या सैन्याच्या मासिकात विल आयस्नर या चित्रकाराने जो डोप नावाचा एक वेंधळा शिपाई रंगवून, गाडीची हेळसांड केली म्हणजे काय होते ते हसत-हसत सांगितले. गाडीबरोबर गाडीची विद्याही वाटली गेली. जीपच्या दीर्घायुष्याचे मर्म मला यातच दिसते.

युद्ध संपले आणि या गाड्या सैन्याला जड झाल्या. पेटीत बंद केलेली कोरी जीप पन्नास डॉलरांत मिळते, अशी आख्यायिका अमेरिकेत वर्षानुवर्षे चालली. मासिकांतून तशा जाहिरातीही येत. पैसे पाठवणाऱ्याच्या हाती मात्र सरकारी विक्रीची माहिती देणारी एक पुस्तिका पडे. प्रत्यक्षात शिलकी जीप कितीतरी अधिक किमतीला जाई, आणि ती बहुधा झिजलेली असे. शेतकऱ्याने, लाकूडतोड्याने, शिकाऱ्याने ती घेतली आणि तिच्या उणिवा त्याच्या अनुभवास येऊ लागल्या. रणांगणासाठी केलेली गाडी संसाराला लावायची, तर तिच्यात फेरफार करणे भागच होते.

हे फेरफार कसे होते, ते थोडे तपशिलाने पाहू. पहिला प्रश्न विजेचा. लष्करी जीपला बॅटरी सहा व्होल्टची. साठ वॅटचा दिवा सहा व्होल्टवर लावला तर तारेतून दहा अँपिअर प्रवाह जातो; तोच बारा व्होल्टवर पाचच अँपिअर घेतो. जुन्या गाडीच्या तारा आणि सांधे गंजलेले असतात. प्रवाह जितका मोठा, तितका दाब अशा सांध्यांत अधिक वाया जातो. परिणामी दिवे मिणमिणतात आणि थंडीच्या सकाळी इंजिन उठत नाही. मालकांनी बारा व्होल्टची बॅटरी आणली. तिच्या जोडीला जनित्र, दिवे आणि गुंडाळी बदलली. आजही जुन्या जीपमध्ये घरच्या घरी होणारी ही सर्वांत सामान्य सुधारणा असावी.

दुसरा प्रश्न पुढच्या चाकांचा. पक्क्या रस्त्यावर पुढच्या आसाची गती तोडता येते. तथापि चाके फिरत असल्यामुळे आतले दांडे, दंतचक्रे आणि लांब शाफ्ट ही सारी उगाचच फिरत राहतात, झिजतात आणि पेट्रोल खातात. यावर उपाय निघाला तो चाकाच्या तुंब्यातच गती जोडण्या-तोडण्याची कळ बसवण्याचा. आर्थर वॉर्न या गृहस्थाने १९४८ साली अमेरिकेच्या वायव्य भागात शिलकी जिपा रस्त्यायोग्य करण्याच्या खटपटीतून असे तुंबे बनवण्याचा धंदा काढला, आणि पुढे त्याचा मोठा कारखाना झाला. तिसरा प्रश्न वेगाचा. सर्वांत वरच्या गिअरमध्येही चाक एकदा फिरायला इंजिनाला जवळजवळ पाच फेरे घ्यावे लागत. त्यामुळे हमरस्त्यावर इंजिन नुसते ओरडे. जीपच्या दुसऱ्या गिअरपेटीला मागच्या बाजूने शेतीची अवजारे चालवण्यासाठी गती घेण्याची सोय होती. त्या जागेत एक जादा गिअर बसवून मालकांनी इंजिनाचे श्रम कमी केले.

चौथा प्रश्न ब्रेकचा, आणि तो जिवाचा. मूळ जीपचे चारही ब्रेक तेलाच्या एकाच मार्गावर चालत. एक नळी फुटली की पायाखालचा पट्टा तळाला जाई आणि चारही चाके मोकळी. दोन स्वतंत्र मार्गांचा ब्रेक पुढे मोटारींत सार्वत्रिक झाला. जाणत्या मालकांनी तो जुन्या जीपमध्येही बसवला. मात्र सर्वच मालक जाणते नसतात. कित्येकांनी आधी मोठे इंजिन बसवले आणि ब्रेक मूळचेच ठेवले. गाडी पळायला शिकली, थांबायला शिकली नाही. घरगुती सुधारणेचा इतिहास लिहिताना ही बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मालकाच्या या खटपटीतून काही ठिकाणी नवे उद्योग उभे राहिले. इंग्लंडात रोव्हर कंपनीचा मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स आपल्या अँगलसीच्या शेतावर एक शिलकी जीप वापरीत असे. ती पार झिजल्यावर तू काय करशील, असे त्याच्या भावाने विचारले. दुसरी जीपच घ्यावी लागेल, दुसरे आहेच काय, असे त्याने उत्तर दिले, अशी हकीकत सांगतात. त्या विचारातून जीपच्याच सांगाड्यावर पहिला नमुना बांधला गेला आणि ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर जगापुढे आली. फिलिपाइन्समध्ये लोकांनी अमेरिकन जिपा लांब केल्या, छप्पर चढवले, समोरासमोर बाके टाकली, आणि जीपनी ही सार्वजनिक गाडी जन्मली. लिओनार्दो साराओ या एका टांगेवाल्याने १९५३ साली तिचा कारखानाच काढला. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या दक्षिण कोरियात १९५५ साली जीपच्या भागांवरून आणि तेलाच्या पिंपांचे पत्रे ठोकून सिबाल नावाची मोटार तयार झाली. त्या देशाची ती पहिली मोटार मानली जाते.

आता आपल्या घरी येऊ. महिंद्रा कंपनीने विलीजच्या जिपा सुट्या भागांत आणवून मुंबईत जोडण्यास स्वातंत्र्याच्या सुमारास आरंभ केला, आणि माझगावात त्याचा जम बसला. उंच बॉनेटची जी जीप आपण तालुक्याच्या गावी पाहिली, तिचे अमेरिकेतील उत्पादन १९६८ साली थांबले. आपल्याकडे तिची वंशावळ त्यानंतरही कित्येक दशके चालली. १९६२ साली पंचायत समित्या आल्या आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे खेड्यात सरकारचे दृश्य रूप झाले. याच गोत्रातील गाड्या पुढे पश्चिम महाराष्ट्रात वडाप म्हणून धावल्या.

या गाड्यांना खेड्यात दुरुस्ती करणारे हात कोठून मिळाले? बैलगाडीचा आस झिजला तर सुतार, धाव सैल झाली तर लोहार, ही व्यवस्था गावाला शेकडो वर्षांची माहीत होती. जीपचे पाटे, बुश, ब्रेकचे ढोल, गिअरपेटीचे दाते हे सारे डोळ्यांना दिसणारे आणि पान्याने सुटणारे होते. लेथवाला, वेल्डर आणि फिटर हे तिचे नवे बलुतेदार झाले. पेट्रोल महागले तेव्हा याच मंडळींनी जीपमधून पेट्रोलचे इंजिन उतरवून डिझेलचे चढवले. मुंबईत कुर्ल्याला जुन्या सुट्या भागांचा बाजार वाढला. तिकडे पंजाब-हरियाणाच्या सीमेवर मंडी डबवाली हे गाव लष्कराने काढून टाकलेल्या जिपा नव्याने उभ्या करण्यासाठी प्रसिद्धीस आले.

येथे जाणकारांचा एक वाद आहे. एक पक्ष म्हणतो, जुनी जीप जशी होती तशीच राखावी. फोर्डचे अक्षर असलेला बोल्ट शोधून काढावा, पण नवा घालू नये. दुसरा म्हणतो, गाडी चालण्यासाठी असते. तिला कालानुरूप करावी. मला दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर वाटते. पहिला पक्ष नसता तर १९४४ सालची जीप कशी होती हे आपल्याला पुराव्यानिशी सांगता आले नसते. दुसरा नसता तर ती इथवर पोहोचलीच नसती. गंमत अशी, की अमेरिकेतील मूळरूपवादी मंडळी आज जीपची नवी पत्र्याची शरीरे मागवतात ती फिलिपाइन्समधून. ज्या देशाने मूळ रूप सर्वाधिक बदलले, त्याच देशाच्या हातांनी ते जपलेही.

परंतु खरा प्रश्न जुन्या गाडीचा नाही, पुढच्या गाड्यांचा आहे. आजच्या मोटारीचा दोष पान्याने कळत नाही. तो संगणकाला विचारावा लागतो, आणि संगणकाची किल्ली निर्मात्याच्या खिशात असते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ साली मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा मोठ्या बहुमताने मान्य केला. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना, सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या कारागिरांना न दिल्याबद्दल, सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला; प्रकरण पुढे अपिलात गेले. उलट बाजूने जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही, असा निर्णय दिला. नवे इंजिन आणि जुने ब्रेक यांचे दृश्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या निर्णयामागचा हेतू समजण्यास अडचण पडू नये.

दुरुस्तीचा हक्क आणि सुरक्षिततेचा निर्बंध यांत विरोध आहे असे मात्र मी मानत नाही. सैन्याने चालकाला पाना दिला, त्याच वेळी पुस्तिकाही दिली. कोठवर हात घालावा आणि कोठे थांबावे, हे त्याच पुस्तिकेत लिहिलेले होते. निर्बंध घालणाऱ्यांनी पाना काढून घेतला आणि पुस्तिका दिलीच नाही, तर लोक दुरुस्ती सोडणार नाहीत. ते ती अज्ञानाने करतील. घाईत जन्मलेली, चार वर्षांच्या युद्धासाठी बांधलेली एक गाडी ऐंशी वर्षे टिकली, कारण तिची विद्या तिच्या मालकापासून लपवलेली नव्हती. आपल्या मुलांच्या हाती येणाऱ्या यंत्रांबद्दल हेच म्हणता येईल की नाही, हे आपण आज कोणते कायदे मागतो यावर ठरणार आहे.