सोजर्नर ट्रूथ : छाया आणि काया

२९ मे १८५१ रोजीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत, ॲक्रन येथें, स्त्रियांच्या हक्कांसाठीं भरलेल्या परिषदेंत सोजर्नर ट्रूथ या एकेकाळच्या गुलाम बाईंनीं भाषण केलें. तें पुढें जगप्रसिद्ध झालें. परंतु मीही स्त्रीच नव्हें काय, या ज्या प्रश्नामुळें तें गाजलें, तो प्रश्न बाईंच्या मुखांतून निघालाच नसावा, असा संशोधकांचा निर्वाळा आहे.

सभेला हजर असलेले मेरियस रॉबिन्सन यांनीं २१ जूनच्या 'अँटि-स्लेव्हरी बगल' पत्रांत भाषणाचा वृत्तांत छापला. त्यांत हें पालुपद नाहीं. तें प्रथम आढळतें १८६३ सालीं, परिषदेच्या अध्यक्षा फ्रान्सिस गेज यांच्या लेखांत. म्हणजे १२ वर्षांनंतर, आणि केवळ स्मरणावर विसंबून. गेजबाईंचा हेतु चांगला होता, यांत शंका नाहीं. पण त्यांनीं वक्त्रीच्या तोंडीं दक्षिणेकडील गुलामांची बोली घातली, आणि ५ मुलांच्या आईला १३ मुलांची आई केलें ! वास्तविक बाईंचा जन्म उत्तरेकडला, न्यूयॉर्क संस्थानांतला ; बालपणची भाषा डच.

सुमारें १७९७ त जन्मलेल्या या मुलीचें नांव इझाबेला. ९ वर्षांची असतां मेंढरांच्या कळपासह १०० डॉलरांना तिचा लिलांव झाला. नवा धनी इंग्रजी बोलणारा. त्याचे हुकूम तिला कळत ना, आणि त्यापायीं फटके बसत. पुढें दुसऱ्या एका धन्याचें घर सोडून १८२६ त ती तान्ह्या मुलीसह निघाली. तिचा मुलगा पीटर याला कायदा मोडून दूर अलाबामांत विकलें होतें. तिनें किंग्स्टनच्या कोर्टांत दाद मागितली, आणि १८२८ त मुलगा परत मिळविला. १८४३ सालीं नवें नांवही तिनें स्वतःच घेतलें : सोजर्नर म्हणजे वाटसरू, ट्रूथ म्हणजे सत्य.

बाईंना लिहितां-वाचतां येत नव्हतें. १८५० चें चरित्रही ऑलिव्ह गिल्बर्ट यांना सांगून लिहविलेलें. सारी भिस्त दुसऱ्याच्या लेखणीवर ! छायाचित्र मात्र त्यांच्या मर्जीप्रमाणें निघे. तीं चित्रें त्या विकीत. १८६४ त त्यांचा हक्क त्यांनीं आपल्या नांवें नोंदविला. कायेच्या निर्वाहासाठीं छाया विकतें, अशा अर्थाची ओळ खालीं छापलेली असे. चित्रांत चिंध्या नाहींत, बेड्या नाहींत. अंगावर शाल, डोळ्यांवर चष्मा, हातांत विणकाम.

२६ नोव्हेंबर १८८३ रोजीं मिशिगनमधील बॅटल क्रीक येथें बाई निवर्तल्या. २००९ त वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्यें त्यांचा अर्धपुतळा बसला ; २९ मे २०२४ रोजीं ॲक्रनला, त्या परिषदेच्याच जागीं, त्यांच्या नांवाचा चौक खुला झाला. हें सारें उचितच. तथापि याहून मोलाची गोष्ट २०२२ सालीं उजेडांत आली. न्यूयॉर्क संस्थानाच्या दप्तरखान्यांत १८२८ च्या त्या खटल्याचे कागद सांपडले. ते गहाळ झाले, अशीच सर्वांची समजूत होती. त्यांत पीटरची आई म्हणून इझाबेलाचा जबाब आहे, शपथेवर दिलेला आणि त्याच वेळीं टिपून घेतलेला.