गाजर गवत आणि अ‍ॅलर्जीची गोळी

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजोबांच्या चंचीत पान-सुपारीबरोबर अ‍ॅलर्जीची गोळी असायची. बांधावरचं गाजर गवत फुललं की त्यांना शिंका सुरू व्हायच्या. गोळी घेतली की थांबायच्या. पुढे मान, पापण्या, कोपराची लवण खाजून काळी पडली. मी तेव्हा सांगलीत इंजिनिअरिंगला. फोनवर सांगायचो, “आणखी एक घ्या.” आजोबा दिवसभर पेंगायचे, खाज तशीच.

माझी चूक कळली ती या गोळीचा इतिहास वाचताना.

१९१० साली इंग्लंडमध्ये हेन्री डेल आणि लेडलॉ यांनी हिस्टामिनचे शरीरावरचे परिणाम नोंदवले. १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनियल बोव्हे आणि अ‍ॅन-मारी स्टॉब यांना त्याला अडवणारं पहिलं रसायन सापडलं. ते माणसाला देण्याजोगं नव्हतं. वापरता येतील अशा गोळ्या १९४० च्या दशकात आल्या. १९५७ मध्ये बोव्हे यांना नोबेल मिळालं.

एक कोडं उरलं. या गोळ्या शिंका थांबवत, पण हिस्टामिनमुळेच पोटात पाझरणारं आम्ल थांबवत नसत. १९७२ मध्ये जेम्स ब्लॅक यांच्या गटाने उलगडा केला: हिस्टामिन ही एकच किल्ली, पण तिची कुलपं वेगवेगळी. शिंकांचं कुलूप एच-१, आम्लाचं एच-२. एच-१ मेंदूतही असतं आणि तिथे हिस्टामिन आपल्याला जागं ठेवतं. जुन्या गोळ्या मेंदूत शिरतात, म्हणून पेंग येते.

आणि खाज? गाजर गवत पुण्यात १९५० च्या दशकात नजरेस आलं आणि सगळीकडे पसरलं. त्याच्या परागांनी येणाऱ्या शिंका हिस्टामिनच्या. पण त्यातल्या पार्थेनिनमुळे त्वचेला होणारा दाह मुख्यतः पांढऱ्या पेशींचा, सावकाश उठणारा. तिथे हे कुलूपच नाही. गवत एक, आजार दोन. आणि मी दोन्हींवर एकच गोळी वाढवत होतो.

शेवटी सांगलीतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या लावून तपासणी केली, मलम दिलं आणि गवतापासून लांब राहायला सांगितलं. मलम आजोबांनी मुकाट्याने लावलं. बांध सोडायला मात्र त्यांना दोन पावसाळे लागले.